टीव्ही बोलतो, पण दिसत नाही

धारा काढून झाल्या, जनावरांपुढे वैरण पडली, हातपाय धुऊन घरची मंडळी टीव्हीपुढे बसली. बटण दाबले. आवाज आला. निवेदक बाजारभाव सांगतो आहे, तेही स्वच्छ ऐकू येते. पण पडदा मात्र काळाठिक्कर! कधी क्षणभर उजेड येतो, चित्र लकाकून जाते आणि पुन्हा अंधार. अलीकडच्या सपाट टीव्हीत हा प्रकार इतका आढळतो की, वाचकहो, आज ना उद्या तो आपल्याही घरी घडण्याचा संभव आहे.

अशा वेळी शेजारीपाजारी चटकन निदान करून मोकळे होतात, "पडदा गेला. आता नवाच घ्या." मग दुधाचे दोन-तीन पगार किंवा कांद्याच्या पट्टीतले पैसे टीव्हीच्या दुकानात जातात आणि जुना संच माळ्यावर धूळ खात पडतो. पण आवाज व्यवस्थित येत असताना पडदा काळा पडला, तर पुष्कळदा पडदा गेलेला नसतो. त्याच्या मागचा दिवा गेलेला असतो. कंदिलाची काच शाबूत असावी आणि वात विझावी, तसाच हा प्रकार. वात विझली म्हणून कंदील कोणी उकिरड्यावर टाकत नाही. टीव्हीही टाकू नये. आधी बिघाड कुठे आहे ते पाहावे. पाहायचे कसे, तेच आज सांगायचे आहे.

पूर्वीचा टीव्ही आणि आताचा

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९७३ साली सिंहगडावरील केंद्रामुळे त्याचे कार्यक्रम पुणे परिसरात दिसू लागले. 'आमची माती, आमची माणसं' हा शेतकऱ्यांचा कार्यक्रम ज्यांनी पाहिला, त्यांना तो पोटफुगा, जड संच आठवत असेल. त्या संचात काचेची मोठी चित्रनळी असे. नळीच्या मागून निघालेला विद्युतकणांचा झोत पुढच्या काचेवरील लेपावर आदळे आणि तो लेपच उजळून निघे. म्हणजे चित्र आणि उजेड ही दोन्ही कामे एकच नळी करीत असे.

आताच्या सपाट एलईडी टीव्हीत ही दोन कामे वेगळी झाली आहेत. पुढचा पडदा, ज्याला कारागीर 'पॅनल' म्हणतात, तो स्वतः उजेड देत नाही. त्यात लाखो बारीक झरोके असतात. कोणता झरोका किती उघडायचा, एवढेच काम पॅनल करते. उजेड येतो तो पॅनलच्या मागे बसवलेल्या दिव्यांतून. या दिव्यांना 'बॅकलाइट' म्हणतात. सुरुवातीच्या सपाट संचांत त्यासाठी बारीक ट्यूबलाइटसारख्या नळ्या असत. नंतर त्यांची जागा एलईडी दिव्यांनी घेतली. 'एलईडी टीव्ही' हे नावही या मागच्या दिव्यांवरूनच पडले.

हा पांढरा दिसणारा एलईडी मुळात निळा असतो. निळ्या दिव्यावर पिवळसर पुडीचा लेप दिला की उजेड पांढरा दिसतो. असा तेजस्वी निळा दिवा साधणे फार अवघड होते. ते साधणाऱ्या इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या तिघांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा लेप आणि निळा दिवा लक्षात ठेवा. पुढे एक लक्षण ओळखताना त्याचा उपयोग होईल.

३२ इंची संचात पॅनलमागे साधारणपणे दोन किंवा तीन पट्ट्या आडव्या बसवलेल्या असतात. प्रत्येक पट्टीवर ठराविक अंतराने एलईडी आणि प्रत्येक एलईडीवर उजेड पसरवणारे छोटे भिंग असते. काही पातळ संचांत पट्टी मागे नसून कडेला असते. पण मुख्य गोष्ट पुढेच आहे. हे दिवे एकापाठोपाठ एक, माळेत ओवल्यासारखे जोडलेले असतात. लग्नाच्या मांडवातली जुनी दिव्यांची माळ आठवा. एक दिवा तुटला की सगळी माळ विझायची. इथेही तेच होते. अठरा दिव्यांतला एक आतून तुटला, तरी उरलेले सतरा चांगले असूनही अंधार होतो.

घरच्या घरी बॅटरीची परीक्षा

आता परीक्षा. यासाठी संच उघडायचा नाही, एक स्क्रूसुद्धा सोडवायचा नाही. रात्री खोलीतला दिवा घालवा. टीव्ही सुरू करून आवाज येऊ द्या. मग हातातली बॅटरी पडद्याच्या अगदी जवळ, जरा तिरपी धरा आणि तिच्या उजेडात पडद्यावर निरखून पाहा. बॅटरी सावकाश इकडे-तिकडे फिरवा. रिमोटवरचे मेनूचे बटण दाबले तर पाहणे सोपे जाते, कारण मेनूची अक्षरे ठळक असतात.

बॅटरीच्या उजेडात माणसांच्या पुसट आकृत्या, अक्षरे किंवा मेनूच्या चौकटी हलताना दिसल्या, तर समजा की पॅनल चित्र काढते आहे, फक्त मागचा उजेड नाही. म्हणजे दुरुस्तीला चांगला वाव आहे. काहीच दिसले नाही, तर घाईने निष्कर्ष काढू नका. काही पडद्यांवर चित्र फारच पुसट दिसते, म्हणून दोन-तीन ठिकाणी बॅटरी धरून पाहा. तरीही काही नसेल, तर बिघाड मुख्य बोर्डात किंवा पॅनलमध्ये असू शकतो. तो कारागिरालाच तपासू द्या. 'ओएलईडी' नावाचे महागडे संच निघाले आहेत, त्यांत मागचा दिवाच नसतो. त्यांना ही परीक्षा लागू नाही.

लक्षणावरून रोग

जनावर आजारी पडले की आपण डोळे, कान, रवंथ पाहतो. टीव्हीचेही तसेच आहे. पुढची लक्षणे ध्यानात ठेवा.

समोरचा लाल दिवाच लागत नाही, आवाजही नाही: बिघाड बहुधा वीजपुरवठ्याच्या बोर्डात. पण त्याआधी प्लग, सॉकेट आणि वायर तपासा.

एक-दोन सेकंद उजेड येऊन जातो, आवाज मात्र चालू राहतो: मागच्या दिव्यांची माळ कुठेतरी तुटली आहे किंवा तुटायला आली आहे. बॅकलाइट गेल्याची ही सर्वांत ओळखीची खूण.

पडद्याचा एक आडवा भाग काळपट, बाकी ठीक: तेथील पट्टी गेली असावी.

एकाच जागी पुसट काळा डाग, बाकी उजेड आहे: तेथील एक एलईडी आतून 'शॉर्ट' झाला असेल. अशा वेळी वीज त्यातून पुढे जाते, म्हणून बाकीचे दिवे जळत राहतात.

पडद्यावर पांढरे, गोल, तेजस्वी ठिपके: उष्णतेने डिंक सुटून एलईडीवरचे भिंग गळून पडले आहे.

सगळे चित्र निळसर-जांभळे: एलईडीवरचा पिवळा लेप जळत चालला आहे आणि आतला निळा उजेड बाहेर येतो आहे. पट्ट्यांचे आयुष्य संपत आल्याची ही सूचना आहे.

उभ्या रंगीत रेघा, कोळ्याच्या जाळ्यासारखी तडा, शाई सांडल्यासारखा डाग: उजेड शाबूत आहे, बिघाड पॅनलचा किंवा त्याच्या जोडणीचा आहे. पट्ट्या बदलून काही उपयोग होणार नाही. येथे मात्र खर्च करण्यापूर्वी दहादा विचार करा.

दुकानात कारागीर काय पाहतो?

आळंदीहून ज्ञानोबांची पालखी पुण्याकडे निघते ती दिघीवरून विश्रांतवाडीच्या वाटेने. त्याच वाटेने आळंदी, चऱ्होली, मरकळ भागातली मंडळी खरेदीला, दवाखान्याला शहरात येतात आणि दुरुस्तीचे सामानही घेऊन येतात. विश्रांतवाडी हे त्यांना लागणारे शहराचे पहिले मोठे नाके. अशा नाक्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात आपला संच नेला, तर तेथे नेमके काय होते ते कळलेले बरे. ज्याला तपासणी समजते, त्याला कोणी सहसा फसवीत नाही.

दिव्यांच्या माळेला वीज पुरवणाऱ्या भागाला 'ड्रायव्हर' म्हणतात. समजा तीन पट्ट्या आहेत, प्रत्येकीवर सहा दिवे आणि प्रत्येक दिव्याला ३ व्होल्ट लागतात. अठरा दिव्यांचे मिळून ५४ व्होल्ट झाले. ड्रायव्हर लागेल तेवढा दाब चढवतो आणि प्रवाह मात्र ठराविकच ठेवतो. आता माळ तुटली तर काय होईल? पाइपलाइनचा व्हॉल्व्ह बंद ठेवून मोटर सुरू केली की पाणी पुढे जात नाही, पाइपातला दाब मात्र चढतो. तसाच ड्रायव्हरचा दाब ५४ च्या वर चढत जातो, आतले संरक्षण जागे होते आणि ड्रायव्हर स्वतःला बंद करून घेतो.

म्हणून जाणता कारागीर मागचे झाकण काढून दिव्यांच्या जोडणीवर मल्टिमीटर लावतो आणि संच सुरू करतो. तीन उत्तरे मिळू शकतात.

पहिले: दाब नेहमीपेक्षा वर उसळतो आणि लगेच खाली येतो. याचा अर्थ ड्रायव्हर प्रामाणिकपणे काम करतो आहे, माळ तुटली आहे. पट्ट्या पाहायला हव्यात.

दुसरे: ड्रायव्हरला मिळणारी मूळ वीज जोडणीवर दिसते, पण दाब चढतच नाही. मग मुख्य बोर्डाकडून 'दिवे लावा' हा हुकूम येतो का, ते पाहावे लागते. हा हुकूम म्हणजे एका तारेवर येणारे साधारण ३ ते ५ व्होल्ट. हुकूम येत असून दाब चढत नसेल तर दोष ड्रायव्हरचा. हुकूमच येत नसेल तर दोष मुख्य बोर्डाचा. दोन्हींत पट्ट्या निर्दोष असू शकतात.

तिसरे: मुळीच वीज नाही. मग फ्यूज आणि वीजपुरवठ्याचा बोर्ड यांच्याकडे वळायचे.

दुसरीही एक पद्धत आहे. बॅकलाइट तपासण्याचे छोटे यंत्र मिळते. ते अगदी थोडा प्रवाह सोडते. संचाचा प्लग काढून, दिव्यांची जोडणी बोर्डापासून सोडवून हे यंत्र लावले की चांगली माळ उजळते आणि तुटलेली अंधारात राहते. येथे नवशिके एक चूक करतात. ते साध्या मल्टिमीटरने एकेक एलईडी तपासतात आणि उजळला नाही की 'मेला' म्हणतात. ३ व्होल्टचा एलईडी मल्टिमीटरवर मंद उजळू शकतो, पण ६ व्होल्टचे एलईडीही असतात. त्यांना उजळवण्याइतका दाब साध्या मल्टिमीटरमध्ये नसतो. चांगला दिवाही मग मेलेला वाटतो.

थोडक्यात, "पट्ट्या गेल्या" हे वाक्य मोजमापानंतर आले पाहिजे, आधी नव्हे. "दाब चढतो का पाहिलात का?" एवढा एक प्रश्न आपण नम्रपणे विचारावा.

जिवाशी खेळ नको

घरोघरी मोबाइलवर दुरुस्तीची चित्रे पाहून पेचकस हाती घेणारी तरुण मुले आहेत. त्यांची हौस चांगली, पण पुढचे शब्द त्यांना मोठ्याने वाचून दाखवा.

घरातली २३० व्होल्टची वीज टीव्हीच्या बोर्डावर गेली की तिचे सुमारे ३२५ व्होल्ट होतात आणि काही संचांत जवळपास ४०० व्होल्टपर्यंत चढवले जातात. ही वीज बोर्डावरच्या मोठ्या, डब्यासारख्या कपॅसिटरमध्ये साठते आणि प्लग काढल्यावरही काही काळ तेथेच दबा धरून बसते. मोठ्या संचांत दिव्यांच्या माळेवरही शंभर-दीडशे व्होल्ट खेळत असतात. विहिरीवरच्या स्टार्टरला आपण जितके भितो, तितकेच या पातळ संचाला भ्यायला हवे. पेचकसाने कपॅसिटरची दोन टोके जोडून ठिणगी पाडणे ही बहादुरी नव्हे. जाणते कारागीर योग्य रेझिस्टर लावून तो रिकामा करतात आणि रिकामा झाल्याचे मीटरवर पाहूनच हात घालतात.

म्हणून घरच्यांची हद्द बॅटरीच्या परीक्षेपर्यंत. मागचे झाकण ही लक्ष्मणरेषा समजा. संच हमीच्या मुदतीत असेल तर गल्लीतल्या कारागिरालाही तो उघडू देऊ नका. आधी बिल शोधा आणि कंपनीला कळवा. दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

संच नेताना आणि पट्ट्या बदलताना

पॅनलची काच पापडासारखी पातळ असते. संच उभाच न्यावा, आडवा नको. दोन्ही बाजूंनी गोधडी लावावी, पडद्यावर दोरी आवळू नये आणि टेम्पोत त्याला पोती टेकवू नयेत. चांगला पडदा वाटेतच फुटला तर सारेच मुसळ केरात! घरून निघण्यापूर्वी संचाच्या मागच्या चिठ्ठीवरचा मॉडेल क्रमांक उतरवून घ्या आणि फोनवर विचारा की पट्ट्या मिळतील का. पुण्यात अशा सुट्या भागांसाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली प्रसिद्ध आहे. बरेच कारागीर तेथून माल आणतात. लहान संचाच्या पट्ट्यांची किंमत शेकड्यांत असते, पॅनलची हजारांत. निदान का महत्त्वाचे, ते यावरून कळेल.

पट्ट्या काढायच्या तर आधी पॅनल उचलावे लागते. खरी जोखीम तेथेच आहे. पॅनलच्या कडेला कागदासारख्या पातळ, लवचीक जोडण्या असतात. त्यातली एक जरी फाटली तरी पडद्यावर कायमच्या रेघा येतात. यासाठी दुकानात संच देतानाच बॅटरी लावून चित्र शाबूत असल्याचे कारागिराला दाखवा आणि "पॅनल फुटले तर काय?" हे आधीच ठरवा. तोंडी नको, पावतीवर लिहून घ्या. पुढे तंटा राहत नाही.

आणखी दोन गोष्टी विचारा. एक: सगळ्या पट्ट्या बदलणार की मेलेल्या दिव्यावर तारेचा तुकडा टाकून काम भागवणार? तार टाकून उजेड येतो खरा, पण त्या जागी पुसट डाग राहतो आणि बाकीचे दिवेही तितकेच जुने असल्याने महिन्या-दोन महिन्यांत दुसरा जाऊ शकतो. पुन्हा पॅनल उचला, पुन्हा जोखीम घ्या! म्हणून पूर्ण संचच बदललेला बरा. दोन: नव्या पट्ट्या मापाच्या आहेत का? दिव्यांची संख्या, ३ किंवा ६ व्होल्ट, पट्टीची लांबी, भिंगाचा प्रकार आणि जोडणीची दिशा, हे सारे जुळले पाहिजे.

पुन्हा तसे होऊ नये म्हणून

गावात टीव्ही बिघडला की आपण 'व्होल्टेज'ला दोष देतो. तो सर्वस्वी खोटा नाही. न्यूट्रल तुटली तर घरात अवाच्या सवा दाब येतो आणि वीजपुरवठ्याचा बोर्ड जळतो. वीज कडाडू लागली की प्लग काढावा आणि छत्रीची केबलही सोडून ठेवावी. पण एलईडी पट्ट्यांचा मोठा शत्रू वेगळाच आहे. तो म्हणजे उष्णता. पुष्कळ संच दुकानातून येतात तेव्हा दिव्यांचा उजेड शंभर टक्क्यांवर लावलेला असतो. दुकानात चित्र झगझगीत दिसावे, हा त्यातला हेतू. आपण घरी तेच तसेच वर्षानुवर्षे ठेवतो आणि दिवे तापून तापून मरतात.

उपाय फुकटचा आहे. आज संध्याकाळीच रिमोट घेऊन मेनूतील चित्राच्या भागात जा आणि 'बॅकलाइट' असे लिहिले असेल तेथे आकडा पन्नास-साठच्या आसपास आणा. 'ब्राइटनेस' हा बहुतेक संचांत वेगळा असतो. त्याने चित्राचा काळेपणा बदलतो, दिव्यांवरचा भार हलका होत नाही. 'व्हिव्हिड' ऐवजी साधी चित्रपद्धत निवडा. घरात रात्री बघायला एवढा उजेड पुरतो, डोळ्यांनाही बरे वाटते आणि विजेचीही थोडी बचत होते. पट्ट्या बदलताना जाणता कारागीर ड्रायव्हरचा प्रवाहही थोडा कमी करून देऊ शकतो. तसे त्याला सांगा. संच भिंतीला अगदी चिकटवू नका, मागची भोके मोकळी ठेवा, चुलीच्या धुरापासून आणि पत्र्याच्या तापापासून दूर ठेवा. धूळ कोरड्या फडक्याने पुसा, पडद्यावर पाणी शिंपडू नका.

पॅनलच फुटले असेल आणि संच खरोखर टाकायचा झाला, तर तो उकिरड्यावर पेटवू नये, ओढ्यातही लोटू नये. त्याचा धूर विषारी असतो. इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत आणि वापरून झालेल्या संचांची योग्य विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. असा संच अधिकृत संकलन केंद्रावर द्यावा. त्यातले चांगले बोर्ड दुसऱ्या कोणाचा संच जिवंत करू शकतात, म्हणून ओळखीच्या कारागिरालाही विचारून पाहावे.

आणि घरात पेचकस हाती घेणारे पोर असेल, तर त्याला नुसते दटावू नका. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. मीटर कसा धरायचा, साठलेली वीज कशी उतरवायची, हे तो तेथे रीतसर शिकेल. गावोगावी टीव्ही, पंपाचे स्टार्टर, सौर दिवे वाढत चालले आहेत आणि ते दुरुस्त करणारे हात मात्र तालुक्याला शोधावे लागतात. दोन एकरांच्या जोडीला असा एक हुन्नर घरात असला, तर पावसाने ओढ दिली तरी चार पैसे येत राहतील.